कितवा? : मुंबईच्या लिफ्टमध्ये अनोळखी माणसाशी बोलण्याच्या काही पायऱ्या

मी परळच्या चाळीत वाढले. तीन मजले, लाकडी जिना, पुढे लांबलचक गॅलरी. शेजारच्या काकूंशी बोलायला विषय लागायचा नाही. त्या सुपात तांदूळ घेऊन बसलेल्या असायच्या, आपण येता-जाता कठड्याला टेकायचं, की तासभर गेलाच. पुढे चाळ पाडली, टॉवर उभा राहिला, आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर गेलो आणि काकू बाराव्यावर. पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये गाठ पडली. तीस वर्षांची ओळख असलेल्या आम्ही दोघी दाराकडे तोंड करून, वरचे लाल आकडे वाचत उभ्या राहिलो. बाराव्यावर दार उघडलं तेव्हा कुठे काकूंना कंठ फुटला. "अगं, तुझ्या आईचं गुडघ्याचं—" एवढं म्हणाल्या आणि दार मिटलं.

ओळखीच्या माणसाची ही गत, तर अनोळखी माणसाबरोबर काय होत असेल! मुंबईत नव्याने आलेल्याला लोकलमध्ये कसं चढायचं, कुठल्या बाजूला उतरायचं, रिक्षा कुठपर्यंत मिळते आणि टॅक्सी कुठून लागते, हे सगळं कोणी ना कोणी शिकवतं. लिफ्टचं कोणी शिकवत नाही. साताऱ्याहून किंवा लातूरहून आलेली माणसं पहिले सहा महिने एकतर सगळ्यांना "नमस्कार, मी अमुक" म्हणत सुटतात, नाहीतर मोबाइलमध्ये डोकं खुपसून उभी राहतात. दोन्हीची गरज नाही. आता लिफ्टवरच्या लेखात पायऱ्या कशाला, असं विचारू नका. लिफ्ट बंद पडली की त्याच कामाला येतात.

पायरी पहिली: खाली वाट बघताना

बोलायला मोकळा वेळ मिळतो तो इथे, आत शिरल्यावर नाही. बटणाचा दिवा पेटलेला असतो, तरी मागून येणारा प्रत्येक जण ते पुन्हा दाबतो. त्याला हसू नका. मीही रांगेत आहे, एवढंच तो सांगत असतो. त्यावर तुम्ही म्हणायचं, "केव्हाची आठव्यावर अडकलीय." बस्स. लिफ्टबद्दलची तक्रार ही मुंबईतली सगळ्यात सुरक्षित सुरुवात. त्यात जात नाही, पक्ष नाही, भाडं नाही. समोरचा लगेच म्हणतो, "कोणीतरी सामान चढवतंय वाटतं," किंवा "दोन नंबरची तर महिनाभर बंदच आहे." झाली ओळख.

बाणांचं एक लक्षात ठेवा, कारण बरेच विचित्र संवाद त्यातूनच जन्माला येतात. तुम्हाला ज्या दिशेला जायचंय तो बाण दाबायचा; लिफ्ट तुमच्यापर्यंत कुठून यावी याचा तो बाण नव्हे. दोन्ही बाण दाबलेत, तर तुम्हाला खाली जायचं असताना वर जाणारी लिफ्ट तुमच्या दारात थांबते. आत सहा माणसं असतात. "खाली?" "नाही, वर चाललीय." सगळे तुमच्याकडे असे बघतात, जणू तुम्हीच त्यांचा मजला लांब केलात. यावर अस्सल मुंबईकर "असू दे, फिरून येते" म्हणून आत शिरतो, कारण ही सोडली तर दुसरी कधी येईल याचा भरवसा नाही. पण फिरून येणाऱ्याला दुप्पट मजले बोलावं लागतं, हे माहीत असू द्या.

मुलींसाठी एक आगाऊ सूचना. रात्री उशिरा कुणाबरोबर एकटीने चढायचं मन नसेल तर चढू नका. "तुम्ही व्हा पुढे, माझा फोन चालू आहे" म्हणायचं आणि फोन कानाला लावायचा. समोरचा भला माणूस असेल तर त्याला वाईट वाटत नाही, आणि भला नसेल तर त्याला काय वाटतं याची फिकीर आपण का करावी?

जुन्या जाळीच्या लिफ्टची गोष्ट वेगळी. फोर्टात, गिरगावात, दादरच्या जुन्या इमारतींत अजून त्या आहेत. बाहेरची जाळी, आतली जाळी, दोन्ही नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. कोणीतरी पाचव्यावर उतरतं, जाळी अर्धवट ठेवून घरात जातं, आणि मग तळमजल्यावरून सगळे आळीपाळीने लिफ्टच्या पोकळीत तोंड घालून ओरडतात: "पाचव्यावर कोण आहे? जाळी लावाऽऽ!" वरून उत्तर येतं, "चौथ्यावर बघाऽऽ!" न दिसणाऱ्या माणसाशी मी मारलेल्या पहिल्या गप्पा याच. नवख्या माणसाने ओरडायला लाजू नये. फक्त "काका" किंवा "दादा" जोडावं, म्हणजे ओरडणंही विनंतीसारखं ऐकू येतं.

पायरी दुसरी: कितवा?

आत शिरलात आणि बटणांच्या पाटीजवळची जागा मिळाली, तर तुम्ही आता त्या फेरीपुरते लिफ्टमन आहात. जबाबदारी टाळता येत नाही. मागे वळून म्हणायचं, "कितवा?" उत्तर फक्त आकड्यात येतं: "सात." "बारा." "पी टू," म्हणजे पार्किंगचा दुसरा मजला. तुम्हाला कोणी विचारलं तर तुम्हीही आकडाच सांगा. "मला जरा सातव्या मजल्यावर जायचं होतं" इतकं बोलेपर्यंत तिसरा येतो. आभारासाठी मान हलवा किंवा "थँक यू" म्हणा. "धन्यवाद" म्हटलंत तर शाल-श्रीफळ कुठंय म्हणून लोक बघतील. काही इमारतींत तेरा नंबरच नसतो, बारानंतर "बारा ए" किंवा थेट चौदा. त्यावर विनोद करायचा मोह होईल. करू नका, तेरावाले तो रोज ऐकतात.

तोंड कुठे करायचं? दाराकडे. हे इतकं पक्कं असतं, की १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमाने त्यावर गंमत केली होती. लिफ्टमध्ये आधीपासून ठरवून पेरलेली माणसं दाराकडे पाठ करून उभी राहिली, आणि बिचारा अनोळखी माणूस हळूहळू वळत वळत त्यांच्यासारखाच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी एकदा मैत्रिणींना घेऊन हे आमच्या इमारतीत करून बघितलं. सातव्यावरचे आजोबा चढले, आमच्या पाठी बघितल्या आणि म्हणाले, "काय गं, रुसलात कोणावर?" अमेरिकेचं इथे सगळंच चालत नाही.

लिफ्टमध्ये अवघडल्यासारखं का होतं याचं एक उत्तर एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये दिलं. माणूस आपल्याभोवती अंतराची वर्तुळं बाळगतो आणि साधारण दीड फुटाच्या आतली जागा अगदी जवळच्यांसाठी राखलेली असते, असं त्याचं म्हणणं. लिफ्टमध्ये त्या दीड फुटात अनोळखी माणसाचा डबा, लॅपटॉप आणि श्वास येतो. मग लोक डोळे मिटू शकत नाहीत म्हणून आकडे बघतात. पण मला वाटतं, मुंबईत एवढ्याने उत्तर पुरं होत नाही. लोकलमध्ये दीड फूट कुठला, दीड बोटही नसतं, तरी तिथे भजनं होतात, वाढदिवस होतात, भाज्या निवडल्या जातात. फरक वेळेचा आहे. बोरिवली ते चर्चगेट म्हणजे तास-सव्वा तास हाताशी. लिफ्टमध्ये "काय म्हणताय" म्हणेपर्यंत समोरचा उतरतो. म्हणूनच लिफ्टमधलं सगळं कौशल्य पुढच्या पायरीत आहे.

लिफ्टमन असेल तर मात्र वरचं सगळं बाजूला ठेवा. लाकडी स्टुलावर बसलेला हा माणूस इमारतीचा चालता-बोलता दप्तरखाना असतो. त्याला "मामा" म्हणा, मजला सांगा आणि गप्प राहा. बोलायचं की नाही ते तो ठरवतो.

पायरी तिसरी: मजले मोजून विषय काढा

हिशेब सोपा आहे. इमारतीचा एक मजला साधारण तीन मीटर. साध्या सात मजली इमारतीतली लिफ्ट सेकंदाला मीटरभर जाते, म्हणजे मजल्याला तीन सेकंद. तळमजल्यावरून सातव्यापर्यंत वीस-एकवीस सेकंद. टॉवरमधली लिफ्ट सेकंदाला दोन मीटर गेली तर तिसावा मजला पाऊण मिनिटात येतो. मधे कोणी चढलं-उतरलं तर दार उघडून मिटायला आणखी आठ-दहा सेकंद. सगळं बोलणं या मापात बसवायचं.

चौथ्यापर्यंत नुसती मान हलवा. सातव्यापर्यंत एक वाक्य आणि त्यावर एक "हो ना". पंधराच्या पुढे प्रश्न विचारायला हरकत नाही, पण त्याचं उत्तर "हो", "नाही" किंवा एखाद्या स्टेशनचं नाव असलं पाहिजे. "आज कशाने आलात, मेट्रोने का?" हा उत्तम प्रश्न. भुयारी मेट्रो-३ लाइन ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेडपर्यंत धावायला लागली तेव्हापासून मुंबईकराला त्यावर एक वाक्य बोलायचं असतंच: एकतर गारवा, नाहीतर खाली गेल्यावर नेटवर्क.

पाऊस हा तिसाव्या मजल्याचा विषय, सातव्याचा नव्हे. कारण जूनमध्ये तुम्ही सहज म्हणता, "काय पडतोय ना," आणि चौथ्या मजल्यापर्यंत समोरचे काका २६ जुलै २००५ वर पोचलेले असतात. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. ते तेव्हा कुर्ल्याहून चालत निघाले होते आणि दहाव्या मजल्यावर अजून सायनच्या आसपास असतात. पाण्यातून त्यांना घरी पोचवल्याशिवाय उतरणं बरं दिसत नाही.

आणि आता माझी चूक. "बरेच दिवसांत दिसला नाहीत?" हे वाक्य लिफ्टमध्ये कधीही वापरू नका. मी वापरलं. सोळाव्यावरचे एक गृहस्थ, रोज संध्याकाळी बायकोबरोबर खाली फिरायला यायचे. दीड-दोन महिन्यांनी एकटे दिसले. मी सोळाच्या आधी काहीतरी बोलावं म्हणून हसून विचारलं. ते म्हणाले, "मिसेस गेली ना." तेवढ्यात सोळावा आला. दार उघडलं. ते उतरले आणि बाहेर उभं राहून माझ्याकडे बघत राहिले, कारण मी काही बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी हात सेन्सरपुढे धरला. दार मिटायला आलं, परत उघडलं, परत मिटायला आलं. मी "अहो, मला माहीतच—" म्हटलं. लिफ्टने पीं पीं सुरू केलं. आत मागे एक मुलगा पिझ्झा घेऊन उभा होता. शेवटी काकाच म्हणाले, "जा, जा, त्याला उशीर होतोय."

मी तेव्हा उतरायला हवं होतं. हे मला एकोणिसाव्यावर पोचल्यावर कळलं. मग जिन्याने तीन मजले खाली गेले आणि बेल वाजवली. तेव्हा हा नियम लिहून ठेवा: उत्तर मोठं निघालं तर मजला सोडा, माणूस सोडू नका. लिफ्ट काय, परत येते.

पायरी चौथी: तुम्हाला विचारले जाणारे प्रश्न

नवीन माणसाची चौकशी पहिल्या पंधरा दिवसांत पुरी होते. क्रम ठरलेला असतो. "नवीन आलात का? कितव्यावर? कोणाच्या फ्लॅटमध्ये? म्हणजे भाड्याने. किती घेतात?" शेवटच्या प्रश्नाला "मार्केटप्रमाणे" हे उत्तर आहे. हसून द्यायचं. खरा आकडा सांगितलात तर संध्याकाळपर्यंत तुमच्या मालकाला कळतं की त्याने कमी घेतलं.

"एकट्याच का?" याला "सध्या" म्हणायचं. या एका शब्दावर पुढचे सगळे प्रश्न अडतात.

आडनाव विचारतात ते पाकिटावर लिहायला नव्हे, एवढं गावाकडून आलेल्याला सांगायला नको. मला हा प्रश्न लिफ्टमध्ये अजिबात आवडत नाही. मी पहिलं नाव सांगते आणि लगेच "आणि तुमचं?" विचारते. "व्हेज की नॉनव्हेज?" हाही तसलाच. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी मला हे चढल्या चढल्या विचारलं होतं. मी म्हटलं, "वारावर आहे." त्या सोमवारचा हिशेब करत उतरल्या.

उलट "गाव कुठलं?" हा प्रश्न बिनधास्त घ्या आणि विचाराही. त्याची ताकद पुढे अडकण्याच्या पायरीत सांगते.

पायरी पाचवी: भाषा

माझ्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये एक गृहस्थ रोज भेटायचे. तीन महिने आमचं चाललेलं: "आज बहुत भीड थी." "हां, ट्रेन लेट थी ना." त्यांचं हिंदी माझ्याइतकंच खडबडीत होतं, पण मला शंका आली नाही. एक दिवस त्यांचा फोन वाजला आणि ते म्हणाले, "अगं, तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर, मऊ होतो मग." मी फिस्सकन हसले. ते बघतच राहिले. दोन मराठी माणसं तीन महिने एकमेकांची सोय बघत हिंदी बोलत होती! मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला, लिफ्टमध्ये तो मिळायला कुकर लागला.

तेव्हा पहिलं वाक्य मराठीत टाका. "कितवा?" हे तर सगळ्या मुंबईला कळतं. समोरून हिंदीत, गुजरातीत, इंग्रजीत उत्तर आलं तर त्यात पुढे जा. वीस सेकंदांत कोणी कोणाची भाषा सुधारत नाही.

पायरी सहावी: हातात काय आहे ते बघा

रविवारी सकाळी हातात काळी पिशवी घेऊन लिफ्टमध्ये शिरलात की तुम्ही काही बोलायची गरज नाही, पिशवीच बोलते. ओल्या पिशवीचा कोपरा टपटपत असतो, लादीवर एक थेंब, दोन थेंब. शेजारचा अर्धा फूट सरकतो किंवा अर्धा फूट जवळ येतो, आणि तेवढ्यावरून माणूस कळतो. जवळ आलेला विचारतो, "बोंबील काय भाव?" मग भावावरून ताजेपणावर, तिथून कोळणीवर. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत प्रश्न बदलतो: "बर्फातला का?" थेंब पडलाच तर खाली उतरताना कागदाने पुसून घ्या. नाहीतर नोटीस बोर्डावर जे लागतं त्यात तुमचं नाव नसलं तरी मजला असतो.

कुत्रा असेल तर कुत्र्याशी बोलावं, मालकाशी आपोआप बोलणं होतं. भीती वाटत असेल तर सरळ "मी पुढच्याने येते" म्हणा. पाळीव प्राण्यांना लिफ्ट बंद करू नये, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे, तेव्हा त्यावर लिफ्टमध्ये वाद घालून उपयोग नाही.

बाप्पा घरी येत असेल, मूर्तीच्या तोंडावर रुमाल असेल, तर आधी चढलेलेही बाहेर येतात आणि जागा देतात. इथे बोलायचं काय, हे शिकवावं लागत नाही. "मोरया" म्हणायचं. एरवी वर्षभर आकडे बघणारी माणसं त्या दिवशी "कितवा?" विचारून स्वतः बटण दाबतात.

आणि पार्सलवाला, कामवाल्या मावशी, वॉचमन? कित्येक टॉवरमध्ये "कामगारांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी" अशी पाटी असते. सामानाला वेगळी लिफ्ट हे मी समजू शकते. ज्या मावशी तुमच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटतात त्यांना तुमच्याशेजारी उभं राहायला बंदी, हे मला कधी समजलेलं नाही. नवीन आहात, कमिटीशी भांडू नका म्हणा हवं तर. पण त्या तुमच्याबरोबर चढल्या तर "या मावशी, कितवा?" एवढं मोठ्याने म्हणा. बाकीच्यांना ऐकू जाईल इतकं.

पायरी सातवी: ओव्हरलोड

लिफ्टमधली पाटी वाचली आहेत का? ६ व्यक्ती, ४०८ किलो. ८ व्यक्ती, ५४४ किलो. भागून बघा, आपल्याकडे माणशी ६८ किलो धरलेत. बोलायला काही सुचलं नाही तर ही पाटी आणि शेजारचा फ्रेममधला परवाना वाचत उभं राहणं ही सभ्य पळवाट आहे. मुंबईत १९३९ च्या कायद्यापासून लिफ्टला परवाना लागतो, आता २०१७ चा नवा कायदा आहे. "तारीख बघितलीत का?" हा विषय निवृत्त काकांना फार आवडतो.

घंटी वाजली की नियम एकच: शेवटी चढला तो उतरतो. पण शेवटी चढलेला छताकडे बघतो, आणि सगळ्यांची नजर सगळ्यात जाड माणसावर जाते. हे अतिशय वाईट असतं आणि दर वेळी होतं. तुम्ही दाराजवळ असाल तर "मी येते मागून" म्हणून पटकन उतरा. त्या जाड माणसाचं तुमच्याबद्दल कायमचं चांगलं मत होतं. आमच्या इमारतीत माझी अर्धी पुण्याई यातूनच जमलीय.

पायरी आठवी: ऑफिस आणि हॉस्पिटल

बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), लोअर परळकडच्या काही काचेच्या इमारतींत मजला बाहेरच दाबायचा, यंत्र सांगतं कुठल्या अक्षराची लिफ्ट तुमची. आत बटणंच नसतात. नवीन माणूस आत शिरून भिंती चाचपतो. त्याला सांगा, हसू नका. मीही चाचपल्या आहेत. साहेब बरोबर चढले तर पाऊस, ट्रेन, डबा यांपलीकडे जाऊ नका. पगारवाढ वीस सेकंदांत होत नाही, फक्त बिघडते. आणि क्लायंटबद्दल एक अक्षर नको. मागे उभा आहे तोच तो.

हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये गप्प राहायचं. स्ट्रेचर आलं तर उतरून जागा द्यायची. समोरचा बोलला तर ऐकायचं. बस्स.

पायरी नववी: अडकलात तर

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मी आमच्या लिफ्टमध्ये अकरा आणि बाराच्या मधे होते. करोनाचे दिवस. लादीवर चार कोपऱ्यांत पावलांचे स्टिकर, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. बटणाशेजारी थर्माकोलमध्ये टोचलेल्या टूथपिक. आत आम्ही तिघं: मी, पंधराव्यावरचे एक साहेब आणि पार्सल घेऊन आलेला मुलगा. सर्व्हिस लिफ्ट दुरुस्तीला म्हणून वॉचमनने त्याला आमच्या लिफ्टमध्ये पाठवलं होतं, आणि साहेब मास्कच्या आडून त्यावर दोन मजले कुरकुरले होते. जनरेटर सुरू व्हायला हवा होता. झाला नाही.

आधी काय करायचं ते सांगते. अलार्मचं बटण, मग इंटरकॉम असेल तर वॉचमनची केबिन, मग फोन. गुदमरायला होणार नाही, केबिनला हवा यायला जागा ठेवलेली असते. दार ओढून उघडायचं नाही. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे असेल आणि बाहेरून कोणी दार उघडून "उडी मारा, उडी मारा" म्हणालं तरी मारायची नाही, कारण केबिनखालची पोकळी तशीच उघडी असते. बराच वेळ कोणी आलं नाही तर अग्निशमन दलाचा १०१. आणि घाबरलेल्याला सांगायला एक गोष्ट: लिफ्ट एका दोरावर नसते, अनेक असतात. ते तुटलेच तरी रुळांना आवळून धरणारे ब्रेक असतात. एलिशा ओटिसने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पाळण्यावर उभं राहून भर गर्दीत दोर कापायला लावला होता, आणि पाळणा थोडा खाली येऊन थांबला. ही गोष्ट मी साहेबांना सांगितली. ते म्हणाले, "त्याला माहीत होतं ना दोर कापणारेत."

पहिली दहा मिनिटं आम्ही तिघं आपापल्या स्टिकरवर उभे होतो. मग त्या मुलाचा फोन लागला. "मॅडम, मी तुमच्याच बिल्डिंगमध्ये आहे. लिफ्टमध्ये. अडकलोय." पलीकडून काय आलं ते आम्हाला स्पष्ट ऐकू आलं: "बरं, मग वर या ना." तो फोनकडे बघत राहिला. मी हसले, मग तो हसला, आणि साहेबांचा मास्क हलताना दिसला.

त्यानंतर साहेबांनीच विचारलं, "गाव कुठलं रे तुझं?"

"माणगाव."

"रायगडातलं? अरे, आम्ही तिथल्याच इंदापूरचे!"

पुढची वीस मिनिटं मला कोणी विचारलं नाही. हायवेचं काम, एसटी स्टँडसमोरचं हॉटेल, कुणाची तरी आमराई, कोणाचा तरी मामा दोघांच्या ओळखीचा निघाला. आम्ही सगळे लादीवर बसलो होतो, स्टिकरवर बूड टेकवून. पार्सलमधल्या सांबाराचा वास सुटला होता. चाळीसएक मिनिटांनी लिफ्टवाल्याने हाताने फिरवून केबिन बाराव्यावर आणली. उतरताना साहेब त्या मुलाला म्हणाले, "जिन्याने जाऊ नको, थांब, पाणी पी माझ्याकडे." आणि मग तिघंही जिन्यानेच वर गेलो, कारण लिफ्ट होतीच कुठे.

पायरी शेवटची: उतरताना

बोलणं अर्धवट राहणारच. दार धरून ते पुरं करायचा प्रयत्न करू नका, आतले लोक तुम्हाला मनात काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, कारण मीही म्हणते. "येते हं" म्हणून उतरा आणि उरलेलं पुढच्या फेरीसाठी ठेवा. लिफ्टमधल्या गप्पा हप्त्याने चालतात. आईच्या गुडघ्याचं मी काकूंना अशाच चार हप्त्यांत सांगितलं: डॉक्टर काय म्हणाले ते गुरुवारी, खर्च शनिवारी, ऑपरेशन झालं ते पुढच्या आठवड्यात, आणि आता आई काठी घेऊन गॅसपर्यंत जाते ते परवा.

परवा लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. बारावा आला, दार उघडलं, काकू हलल्या नाहीत. मी म्हटलं, "काकू, तुमचा आला." त्या म्हणाल्या, "असू दे, फिरून येते." एकोणिसाव्यापर्यंत आईचं सगळं झालं. मी उतरले, वळून हात केला, दार मिटायला लागलं आणि आतून आवाज आला, "आणि तुझ्या भावाचं ते—"